लिनक्सवर वायफाय जोडले जात नाही तेव्हा: बिघाड तळापासून शोधण्याची पद्धत

‘वायफाय चालत नाही’ ही तक्रार तीन शब्दांची असली तरी तिच्यामागचे बिघाड अनेक प्रकारचे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. वायरलेस अ‍ॅडॉप्टर इंटरनेटपर्यंत पोहोचायचा असेल तर आधी तो संगणकाला दिसावा लागतो, मग कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरने तो ताब्यात घ्यावा लागतो, ड्रायव्हरने त्यात फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा छोटा प्रोग्राम) भरावे लागते, रेडिओवर कोणतीही बंदी नसावी लागते, आसपासची नेटवर्क त्याला ऐकू यावी लागतात, राउटरने पासवर्ड मान्य करावा लागतो आणि सर्वांत शेवटी आयपी पत्ता व डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) मिळावा लागतो. या साखळीतली खालची एक कडी तुटली की वरच्या सगळ्या कड्या निकामी होतात, म्हणून शोध नेहमी तळापासून सुरू करावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, मग हाती लागेल ती कमांड चालवतात, आणि तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हे त्यांनाच कळेनासे होते.

सुरुवातीला दोन गोष्टी कराव्यात. पहिली, तात्पुरत्या इंटरनेटची सोय करावी, कारण पुढे एखादे पॅकेज उतरवावे लागू शकते. फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू केले, तर लिनक्स त्याला सहसा तारेच्या जोडणीसारखे ओळखते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसरी, एक कोरी फाइल उघडून आपण केलेला प्रत्येक बदल तिच्यात लिहावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याने फरक पडला नाही तर तो मागे घेऊनच पुढे जावे. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण अर्धे काम तिनेच होते.

कमांडविषयी एक खुलासा: या लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या सेवेच्या नावातली एन आणि एम ही दोन अक्षरे मात्र नोंदींमध्ये आणि फाइलींच्या मार्गांत मोठी असतात. जिथे प्रशासकाचे अधिकार लागतात तिथे कमांडच्या आधी ‘सुडो’ लिहावे.

अ‍ॅडॉप्टर दिसतो का

लॅपटॉपमधल्या अंतर्गत कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड चालवावी आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’. यादीत नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधावी. तिच्यात चौकटी कंसांत दोन भागांचा ओळख क्रमांक असतो: पहिला भाग चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. पीसीआय कार्डांत ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. हा क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा राहतो. खोक्यावर छापलेल्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत पूर्णपणे वेगळ्या चिप असल्याचे अनेकदा आढळते.

कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये वायरलेस बंद केलेले नाही ना, हे पाहावे. त्याच संगणकावर विंडोज असेल तर तिथले फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण त्या सोयीत विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. मग लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावा. कार्ड स्वतः बदलून बसवले असेल तर आणखी एक मेख असते: इंटेलचे एएक्स२०१ किंवा एएक्स२११ ही कार्डे स्वतंत्रपणे काम करत नाहीत, त्यांच्या कामाचा काही भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये असतो. खाचेत नीट बसली तरी दुसऱ्या जातीच्या बोर्डावर ती दिसणारच नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० हवे.

काही यूएसबी अ‍ॅडॉप्टर जोडल्या जोडल्या सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण त्यांच्यात विंडोजच्या ड्रायव्हरची फाइल साठवलेली असते. अशा वेळी ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज बसवावे, अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा जोडावा आणि ‘एलएसयूएसबी’च्या यादीत ओळख क्रमांक बदलला का ते पाहावे. क्रमांक बदलला म्हणजे खरे कार्ड पुढे आले.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी हीच जागा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’च्या उत्तरात कार्डाखाली दोन ओळी येऊ शकतात: एक वापरात असलेल्या ड्रायव्हरची, दुसरी त्या कार्डाला चालू शकणाऱ्या कर्नल मॉड्यूलची, म्हणजे ड्रायव्हर ज्यात असतो त्या कर्नलच्या सुट्या भागाची. दोन्ही असतील तर ड्रायव्हर बसला आहे. फक्त दुसरी असेल तर मॉड्यूल उपलब्ध आहे, पण त्याने कार्ड ताब्यात घेतलेले नाही; म्हणजे एकतर फर्मवेअर मिळालेले नाही किंवा ते मॉड्यूल ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात कोणीतरी काळ्या यादीत, म्हणजे आपोआप न भरण्याच्या यादीत, टाकले आहे. दोन्ही ओळी नसतील तर चालू कर्नलला हे कार्ड माहीतच नाही. यूएसबीसाठी हीच माहिती ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये ड्रायव्हर या शब्दापुढे मिळते.

कर्नलला कार्ड माहीत नसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कार्ड नवे आणि कर्नल जुना. ‘यूनेम -आर’ने कर्नलची आवृत्ती पाहावी. इंटेल एएक्स२००ला ५.१ किंवा त्यापुढचा कर्नल लागतो, एएक्स२१०ला ५.१०, मीडियाटेकच्या ७९२१ चिपला ५.१२ आणि रिअलटेकच्या ८८५२एईला ५.१६. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या यूएसबी चिपना कर्नलमध्येच आधार मिळाला तो ६.२पासून. त्यामुळे बाहेरून ड्रायव्हरचा कोड आणून बांधण्याआधी (कंपाइल करण्याआधी) आपल्या वितरणाने, म्हणजे उबुंटू, फेडोरा, डेबियन यांपैकी जे असेल त्याने, देऊ केलेला नवा कर्नल बसवून पाहावा. कर्नलमधला ड्रायव्हर प्रत्येक अद्यतनासोबत आपोआप येतो, बाहेरचा मात्र प्रत्येक अद्यतनाला पुन्हा बांधावा लागतो.

बाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागला तर तो डीकेएमएसमार्फत, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनामार्फत, घ्यावा. ‘कालपर्यंत चालत होते, आज अपडेटनंतर बंद पडले’ असे ज्यांच्याबाबत होते त्यांचा ड्रायव्हर बहुधा असाच बाहेरचा असतो. त्यांनी ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवून नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधले गेले का ते तपासावे; नसेल तर मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्या कर्नलच्या हेडर फाइलींचे पॅकेज बहुधा राहून गेलेले असते. तोवर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतल्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून संगणक सुरू केला तर वायफाय लगेच परत येते, आणि बिघाड नक्की कुठे आहे याचा पुरावाही मिळतो. संगणकावर सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो; ‘मॉडप्रोब’ चालवल्यावर किल्ली नाकारल्याचा संदेश येतो. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूटची स्थिती कळते. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा मॉड्यूलची किल्ली नोंदवावी: नोंदणीच्या वेळी ठरवलेला पासवर्ड पुढच्या वेळी संगणक सुरू होताना दिसणाऱ्या पडद्यावर द्यावा लागतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो, त्यामुळे रीस्टार्ट करताना समोर बसून राहावे.

फर्मवेअर म्हणजे कार्डातल्या छोट्या प्रोसेसरसाठीचा प्रोग्राम. बहुतेक आधुनिक कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हर तो ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरातून उचलून कार्डात भरतो. ‘सुडो डीएमईएसजी’ने कर्नलची नोंद उघडून तिच्यात ड्रायव्हरचे नाव शोधावे, म्हणजे इंटेलसाठी आयडब्ल्यूएलवायफाय, मीडियाटेकच्या ७९२१साठी एमटी७९२१ई, रिअलटेकसाठी आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९. फर्मवेअर भरता आले नाही आणि त्रुटी उणे २, अशी ओळ दिसली तर त्याचा अर्थ सरळ आहे: फाइल जागेवर नाही. उबुंटू, फेडोरा आणि आर्च यांत लिनक्स-फर्मवेअर या नावाचे पॅकेज असते. डेबियनमध्ये ते कंपनीनुसार विभागलेले आहे, आणि जून २०२३मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा स्वतंत्र विभाग आहे. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्यांच्या सोर्सेस यादीत (पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलीत) तो विभाग नसेल तर स्वतः घालावा लागतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण याच ठिकाणी अनेक जण भलत्या वाटेने जातात. इंटेलचा ड्रायव्हर आधी सर्वांत नव्या फर्मवेअरची फाइल मागतो, ती नसेल तर त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. प्रत्येक न मिळालेल्या फाइलीसाठी उणे २ची ओळ छापली जाते. त्यानंतर फर्मवेअरची अमुक आवृत्ती भरली अशी ओळ असेल तर वरच्या सगळ्या ओळी निरुपद्रवी आहेत. नावात डीबग आणि योयो असलेली फाइल न मिळाल्याची ओळही तशीच, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. योग्य फर्मवेअर सापडलेच नाही असा स्पष्ट संदेश असेल तरच पॅकेज बसवायला किंवा अद्ययावत करायला घ्यावे आणि त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा.

रेडिओवरची बंदी

‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड चालवावी. प्रत्येक रेडिओपुढे सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड अशा दोन नोंदी दिसतात. सॉफ्ट ब्लॉकपुढे यस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने तो उघडतो. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) असलेल्या वितरणांत ही स्थिती जपून ठेवली जाते, म्हणून चुकून दाबलेले विमान मोडचे बटण रीस्टार्टनंतरही त्रास देत राहते.

हार्ड ब्लॉक मात्र कमांडने उघडत नाही, त्यासाठी लॅपटॉपच्या कडेची सरकती कळ किंवा फंक्शनची बटणे वापरावी लागतात. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर हार्ड ब्लॉकपुढे यस दिसत होते, पण कळ कुठेच नव्हती. यादी नीट वाचल्यावर तिच्यात वायफायच्या दोन नोंदी आढळल्या: एक कार्डाची, दुसरी लॅपटॉपच्या बटणांसाठी असलेल्या मॉड्यूलची. बंदी त्या दुसऱ्या नोंदीने घातली होती, म्हणजे नसलेल्या कळीची स्थिती ते मॉड्यूल चुकीची सांगत होते. ‘मॉडप्रोब -आर’ने ते उतरवताच नेटवर्कची यादी पडद्यावर आली. मग ते काळ्या यादीत टाकले. त्याबरोबर काही फंक्शन बटणे गेली, पण वायफाय टिकले. असा प्रसंग आला तर आधी मॉड्यूल तात्पुरते उतरवून खात्री करावी, कायमची नोंद त्यानंतर करावी.

कारभार कोणाकडे आहे

‘आयडब्ल्यू डेव्ह’ चालवल्यावर इंटरफेसचे, म्हणजे लिनक्सने कार्डाला दिलेले, नाव कळते: डब्ल्यूएलएएन०, किंवा खाचेच्या जागेवरून ठरलेले डब्ल्यूएलपी२एस०सारखे नाव. यूएसबीसाठी ते बहुधा डब्ल्यूएलएक्सने सुरू होऊन पुढे अ‍ॅडॉप्टरचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख पत्ता, येतो. जुन्या सूचनांमधले नाव जसेच्या तसे टाइप करू नये, आपले नाव घालावे.

पुढची कमांड ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’. स्थितीच्या रकान्यात अनअव्हेलेबल असेल तर रेडिओ बंद आहे, फर्मवेअर नाही किंवा पासवर्डची देवाणघेवाण सांभाळणारी डब्ल्यूपीए सप्लिकंट ही सेवा सुरू नाही. अनमॅनेज्ड असेल तर नेटवर्कमॅनेजरला या इंटरफेसला हात लावू नकोस असे सांगितले गेले आहे. डेबियनमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलीत त्या इंटरफेसच्या नावाने उरलेल्या ओळी. त्या काढून सेवा पुन्हा सुरू करावी. डिस्कनेक्टेड असेल तर इथवरची साखळी शाबूत आहे.

एकाच कार्डावर दोघांचा कारभार ही आणखी एक दुखरी जागा आहे. नेटवर्कमॅनेजर आपल्या डब्ल्यूपीए सप्लिकंटमार्फत जोडू पाहतो, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे सुरू असलेली, तेच काम करणारी आयडब्ल्यूडी सेवा तेच कार्ड ओढते. परिणामी जोडणी काही सेकंद टिकते आणि तुटते. कोणत्या सेवा चालू आहेत हे ‘सिस्टमसीटीएल’ने पाहून एकच ठेवावी.

नेटवर्क यादीत का नाही

बाकीची नेटवर्क दिसतात पण आपलेच दिसत नाही, अशी अवस्था असेल तर शंका चॅनेलवर घ्यावी. एका मित्राच्या राउटरचे नाव फोनवर दिसे आणि लॅपटॉपवर दिसत नसे, म्हणून त्याने कार्ड बदलायचे ठरवले होते. राउटरच्या पानावर पाहिले तर स्वयंचलित निवडीने २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनेल १३ घेतले होते. चॅनेल ६ निवडताच दुसऱ्याच मिनिटाला लॅपटॉप जोडला गेला. चॅनेल १२ आणि १३ अनेक देशांत खुली असली तरी अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणे ती सहसा वापरत नाहीत, आणि देश माहीत नसेल तर लिनक्स सावध नियम लावते. ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये देशापुढे ०० दिसले तर हाच प्रकार समजावा, त्या नियमांत ५ गिगाहर्ट्‌झवरही कार्ड स्वतःहून साद घालत नाही, फक्त ऐकते. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट’ आणि त्यापुढे आपल्या देशाचे दोन अक्षरी संक्षिप्त रूप मोठ्या अक्षरांत दिले की योग्य नियम लागू होतात. काही कार्डांत देश कारखान्यातच ठरलेला असतो आणि तिथे ही कमांड निष्प्रभ ठरते, तेव्हा राउटरचे चॅनेल बदलणेच सोपे पडते. राहता त्या देशाचेच नियम लावावेत, कारण हे निर्बंध कायद्याचे असतात.

पासवर्ड बरोबर असूनही नकार

प्रथम जपून ठेवलेली जुनी जोडणी ‘एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट’ने काढून टाकावी आणि ‘एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट’ व पुढे नेटवर्कचे नाव देऊन नव्याने जोडावे. ‘आस्क’ लिहिल्याने पासवर्ड वेगळा विचारला जातो आणि टर्मिनलच्या इतिहासात उरत नाही. दुसऱ्या खिडकीत ‘जर्नलसीटीएल -एफ’ चालू ठेवावे, म्हणजे नोंदी येतील तशा वाचता येतात.

नोंदींत चुकीच्या किल्लीचा उल्लेख आला म्हणजे पासवर्ड चुकलाच असे मात्र समजू नये. कार्ड आणि राउटर यांच्यातल्या हस्तांदोलनाचे चार संदेश पूर्ण झाले नाहीत की सप्लिकंट तसा अंदाज बांधतो, आणि सिग्नल क्षीण असला तरी ते अर्धवट राहू शकतात. इथे सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे फोनवर २.४ गिगाहर्ट्‌झचा, डब्ल्यूपीए२ सुरक्षेचा हॉटस्पॉट उघडून त्याला जोडून पाहणे. जोडणी झाली तर कार्ड, ड्रायव्हर आणि फर्मवेअर तिन्ही निर्दोष ठरतात आणि मतभेद फक्त त्या राउटरशी उरतो. तो बहुधा डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवरून असतो. राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशा मिश्र पद्धतीत असेल तर काही जुनी कार्डे अडखळतात; राउटर निव्वळ डब्ल्यूपीए२-एईएसवर आणून पाहावे. राउटर आपल्या ताब्यात नसेल तर जोडणीचे की-मॅनेजमेंट डब्ल्यूपीए-पीएसकेवर ठेवून पीएमएफची (नियंत्रण संदेशांच्या संरक्षणाची) किंमत १, म्हणजे बंद, करून पाहावी. नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३चे असेल तर हा मार्ग बंद आहे, कारण त्यात पीएमएफ सक्तीचे असते.

काही जुने ड्रायव्हर शोध घेताना वापरल्या जाणाऱ्या बनावट मॅक पत्त्याने गोंधळतात. ‘ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’ या फोल्डरात नवी फाइल करून तिच्या डिव्हाइस विभागात ‘वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो’ ही ओळ लिहावी. राउटरवर मॅक पत्त्यांची गाळणी असेल तर जोडणीत कार्डाचा मूळ पत्ता वापरला जातो का, हेही याच वेळी पाहावे. संस्थेच्या नेटवर्कवर, जिथे वापरकर्त्याचे नाव आणि प्रमाणपत्र लागते, तिथे आधी संगणकाचे घड्याळ तपासावे. तारीख चुकली की प्रमाणपत्र अवैध ठरते.

जोडले गेले, पण पाने उघडत नाहीत

इथे अ‍ॅडॉप्टरचा दोष क्वचितच असतो. ‘आयपी अ‍ॅड्रेस’मध्ये पत्ता पाहावा. पत्ताच नाही किंवा तो १६९.२५४ने सुरू होतो, तर राउटरच्या डीएचसीपीने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेने, उत्तर दिलेले नाही. पत्ता असेल तर ‘आयपी राउट’मधल्या डीफॉल्ट पत्त्याला, म्हणजे राउटरला, पिंग करावे, मग १.१.१.१ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिले दोन जमले आणि तिसरे फसले तर बिघाड डीएनएसचा; ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ पाहावे. डीफॉल्टच्या दोन ओळी असतील तर कमी मेट्रिकची (प्राधान्य ठरवणाऱ्या आकड्याची) निवडली जाते: नेटवर्कमॅनेजर तारेला १०० आणि वायफायला ६०० देतो, म्हणून इंटरनेट नसलेली तार लावलेली राहिली तर वायफाय जोडलेले असूनही पाने उघडत नाहीत.

थोड्या थोड्या वेळाने तुटणारी जोडणी

‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह’, इंटरफेसचे नाव आणि ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ अशी कमांड देऊन तासभर काम करून पाहावे. फरक पडला तर कॉन्फ.डीमधल्या फाइलीच्या कनेक्शन विभागात ‘वायफाय.पॉवरसेव्ह=२’ लिहावे; इथे २ म्हणजे वीजबचत बंद आणि ३ म्हणजे चालू. उबुंटूमध्ये ती चालू ठेवणारी फाइल आधीच असू शकते, तेव्हा तिच्यातच आकडा बदलावा. यूएसबी अ‍ॅडॉप्टर यूएसबी ३च्या खाचेत डिस्कशेजारी खोचलेला असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलमध्ये त्या खाचेचा गोंगाट मिसळतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने तो लांब न्यावा.

इतके करूनही जमले नाही तर वितरणाकडे बिघाडाची नोंद करावी, आणि तिच्यात ओळख क्रमांक, ‘यूनेम -आर’चे उत्तर, वितरणाची आवृत्ती, ‘आरएफकिल लिस्ट’ आणि बिघाड घडला त्या क्षणाच्या नोंदी द्याव्यात. पाठवण्याआधी त्यांतले मॅक पत्ते आणि नेटवर्कचे नाव झाकावे, आणि आपण करून पाहिलेल्या बदलांची ती फाइल मात्र जशीच्या तशी जोडावी.